बाविसातले सात

लग्नात, साखरपुड्यात, एकदा तर तेराव्याच्या जेवणातसुद्धा लोकांनी मला बाजूला घेऊन लघवीचा रिपोर्ट दाखवला आहे. म्हात्रे मोठ्या रुग्णालयात आहे, एवढंच त्यांना ठाऊक असतं. मी डॉक्टर नाही आणि लघवीही तपासत नाही. पेणहून रोज पनवेलच्या बाजूला जाऊन मी ज्या खोलीत काम करतो, तिथे माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे येतात. केसापेक्षा कितीतरी पातळ अशा त्यांच्या चकत्या कापायच्या, काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या, हे माझं काम. सत्तावीस वर्षं झाली. या तंत्रज्ञाची सही कुठल्याही रिपोर्टवर नसते. सही डॉक्टरांची.

बहुतेक तुकड्यांना दोन-तीन दिवस लागतात. एक प्रकार मात्र असा, की त्याचं उत्तर अर्ध्या तासात द्यावं लागतं. एखाद्या माणसाचा मेंदू मृत होतो, घरचे लोक अवयव द्यायला तयार होतात, सर्जन किडन्या काढून बर्फात ठेवतात. दाता तरुण असेल तर प्रश्न येत नाही. दाता साठीचा असेल, रक्तदाब असेल, तर विचारावं लागतं की या किडनीत अजून काय शिल्लक आहे? मग तिचा नखाएवढा तुकडा कापून आमच्याकडे पाठवतात. तो आम्ही उणे वीस अंशांच्या पेटीत गोठवतो, कापतो, रंगवतो आणि मोजायला बसतो.

मोजायचं काय, ते सांगतो. एका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. मायक्रोस्कोपखाली जिवंत गाळणी बारीक लोकरीच्या गुंड्यासारखी दिसते, मधे मोकळ्या जागा असलेली. मेलेली गाळणी घट्ट आणि गुळगुळीत, लग्नात पानाबरोबर मिळणाऱ्या गुलाबी बडीशेपेच्या गोळीसारखी. चकतीत जितक्या दिसतील तितक्या सगळ्या मोजायच्या, त्यातल्या मेलेल्या किती ते वेगळं मोजायचं. डोळे मायक्रोस्कोपला लावलेले असतात, त्यामुळे लिहिता येत नाही. मी चिंचोके वापरतो. बरण्यांची दोन झाकणं, उजव्यात जिवंत, डाव्यात मेलेल्या. आमच्या घरी यावरून ऐकवलं जातं, "तुम्हाला चिंचोके खेळायचा पगार देतात." देतात खरा.

शंभरात वीसपर्यंत मेलेल्या असल्या तर डॉक्टर फारसे अस्वस्थ होत नाहीत. त्यापुढे कपाळावर आठ्या पडतात. पण हा आकडा एकटा निर्णय घेत नाही, घेऊही नये. दात्याचं वय, त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की ते वाढतं), किडनी बर्फात किती तास आहे आणि ती बसणार कोणाला, हे सगळं शेजारी मांडून ठरवायचं असतं. पंचविशीच्या मुलाला ती अजून चाळीस वर्षं हवी असते. साठीकडे झुकलेल्या माणसाला दहा वर्षं मिळाली तरी डायलिसिसच्या मानानं ते मोठं देणं असतं.

पुढे जे लिहितोय त्यात नावं बदलली आहेत. आकडे बदललेले नाहीत.

त्या मंगळवारी सकाळी एकसष्ट वर्षांच्या दात्याच्या किडनीचा तुकडा आला. आमच्या मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी बाहेरून एक डॉक्टर आले होते, चांगला माणूस, पण आमच्या खोलीत नवा. तुकडा नेहमीपेक्षा पातळ होता, नख कापल्यावर पडते तशी कातळी. मी चकती रंगवली आणि खाली पाहिलं, तर त्यात जाड भिंतीची एकही धमनी नव्हती.

धमनीचं महत्त्व असं की मोठ्या धमन्या किडनीत खोलवर असतात. चकतीत एकही नसेल तर समजायचं, काप वरवरचा आहे. आणि वरवरचा काप फसवा असतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाचं शेत जसं आधी सुकतं, तशा किडनीच्या आवरणालगतच्या गाळण्या वय आणि रक्तदाब यांनी आधी मरतात. आत सगळं हिरवं असलं तरी.

"सर, धमनी दिसत नाही," मी म्हणालो.

"ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन आलाय, म्हात्रे. किती मोजल्या?"

"बावीस. त्यात सात मेलेल्या."

"ठीक आहे."

"पंचवीस तरी लागतात, सर. त्याखाली आकड्यावर भरवसा नाही."

"बावीस म्हणजे पंचवीसच झाल्या की."

मी काच ट्रेमध्ये ठेवली. दुसरा तुकडा मागवा, एवढंच म्हणायचं होतं. पण दुसरा तुकडा मागवायचा म्हणजे थिएटरमध्ये फोन करायचा, आणि तिथे तंत्रज्ञानं फोन केला की आधी विचारतात, "तू कोण?" मला तो प्रश्न नको होता. बाविसात सात म्हणजे शेकडा बत्तीस. तसा रिपोर्ट गेला.

तो देऊन परत येताना लिफ्टसमोरच्या बाकावर दोन बायका बसलेल्या दिसल्या. एकीच्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी आलेले फुगवटे होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून स्टीलची वाटी डोकावत होती. म्हसळ्याकडून पहाटे निघून आल्या होत्या, यादीत नंबर लागला म्हणून फोन आला होता. ही सुनंदाताई, वय तेव्हा पंचावन्न. शेजारी तिची नणंद, लीलाताई. माझ्या अंगावरचा पांढरा कोट बघून लीलाताईंनी मला थांबवलं.

"भाऊ, आतून आलात ना? आमची ती किडनी बरी हाय ना?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो.

"डॉक्टर कवा सांगतील? हिनं कालपासून पान्याचा थेंब घेतला न्हाय. तशी बी दिवसाला सहाच वाट्या मिळतात हिला, ही वाटी. चहा बी त्यातच धरायचा."

"ताई, जाऊ द्या त्यांना," सुनंदाताई म्हणाली. "त्यांचं काम हाय."

तासाभरानं दोघी परत निघाल्या. मी दारातून पाहिलं. लीलाताई पुढे, पिशवी आता त्यांच्या हातात.

किडनी इतर रुग्णालयांनाही देऊ केली गेली, पण आमचा आकडा तिच्या पुढे धावत गेला होता. बत्तीस ऐकून कोणीच घेतली नाही. शेवटी ती फॉर्मालिनच्या बरणीत आमच्याकडेच आली, अभ्यासासाठी. ती कापायचं काम माझंच. मी वरपासून आतपर्यंत पूर्ण जाडीचे काप घेतले. तिसऱ्या दिवशी रंगवून मोजायला बसलो. चिंचोके संपले, पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागले. दोनशे बारा. मेलेल्या चोवीस. शेकडा अकरा.

मी ते पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

मॅडम रजेवरून आल्या तेव्हा मी दोन्ही काचा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी दोन्ही मोजल्या. मग विचारलं, "धमनी नाही, हे तुला तेव्हा दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"सांगितलंस?"

"एकदा."

"एकदा सांगणं म्हणजे न सांगणं, म्हात्रे." त्यांनी कागद घेतला आणि दोन ओळी लिहून भिंतीवर चिकटवल्या. पंचविसाहून कमी, किंवा धमनी नाही, तर दुसरा तुकडा मागवावा. "आणि फोन तू करायचास. माझं नाव सांगून नाही. तुझं सांगून."

शेकडा अकरा म्हणजे ती किडनी नक्की चालली असती, असं मी म्हणणार नाही. अकराच्या किडन्याही कधी बंद पडतात, शेकडा तीसच्याही कधी वर्षानुवर्षं चालतात. पण नाकारायचं कारण माझ्या आकड्यानं दिलं होतं, आणि तो आकडा खोटा होता. कुठल्यातरी घरानं आपल्या माणसाच्या उशाशी बसून "हो, घ्या" म्हटलं होतं. त्या घराला कधीच कळणार नाही की त्यांनी दिलेलं बरणीत गेलं.

वडील तेव्हा हयात होते. आमचं घर आगरी, वडिलांची हयात मिठागरावर गेलेली. मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे वरचाच काढलास?" ते म्हणाले. "मिठाच्या राशीवरचा थर कदी कोन दाखवतो का रं? पाऊस-वाऱ्यानं तो काळवंडलेलाच असतो. व्यापारी आला का आमी आधी पायानं वरचा थर उडवायचो, मंग आतला मूठभर द्यायचो त्याच्या हातात."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत व्हतं तर मंग?"

लहानपणी सुट्टीत मी स्वतः तो थर उडवला होता.

सव्वादोन वर्षं गेली. त्या काळात मी थिएटरमध्ये नऊ वेळा फोन केला. तू कोण, हा प्रश्न पहिल्या चार वेळा आला, नंतर आवाज ओळखू लागले. मग एका गुरुवारी सकाळी मी लिफ्टमधून बाहेर पडलो तर त्याच बाकावर त्याच दोघी. सुनंदाताई बरीच वाळली होती, चेहरा काळवंडला होता. पिशवी तीच होती की नाही सांगता येणार नाही, वाटी तीच होती.

"भाऊ, तुमीच ना ते?" लीलाताईंनी ओळखलं. "डॉक्टर सांगतील-वाले?"

"मीच."

"या वेळी तरी तुमीच सांगा. चांगलंच सांगा."

"ताई!" सुनंदाताईनं त्यांना दटावलं आणि माझ्याकडे बघून हसली.

हे व्हायला नको होतं. मोजणाऱ्याला आपण कोणासाठी मोजतोय हे कळता कामा नये. माणूस दिसला की डोळा आपल्याला हवं ते मोजायला लागतो. अर्धी मेलेली गाळणी एरवी मी डाव्या झाकणात टाकली असती. बाकावरचा चेहरा आठवला की हात उजवीकडे जाणार. मी आत जाऊन मॅडमना सरळ सांगितलं, की बाहेर जी बाई बसली आहे तिला मी ओळखतो.

"मग तू मोज, मीही मोजेन. एकमेकांचा आकडा शेवटी बघू," त्या म्हणाल्या.

दाता त्रेसष्ट वर्षांचा होता, रक्तदाबाची गोळी घेणारा. तुकडा आला. एकोणीस गाळण्या, पाच मेलेल्या, धमनी नाही. शेकडा सव्वीस. मी फोन उचलला.

"हिस्टोपॅथॉलॉजीतून म्हात्रे बोलतोय. दुसरा तुकडा लागेल, सर. खोल. आवरणाखाली निदान पाच मिलिमीटर."

"म्हात्रे, किडनी बर्फात आहे, घड्याळ चालू आहे. मला आकडा नको, हो की नाही ते सांगा."

"आकड्याशिवाय हो की नाही येत नाही, सर."

"खोल कापलं तर उद्या तिथून रक्त येईल."

"त्यावर टाका घालता येतो. चुकीच्या आकड्यावर घालता येत नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मॅडमनी शिकवलंय का हे बोलायला?"

"नाही, सर. माझंच आहे."

पंधरा मिनिटांत तुकडा आला. जाड भिंतीच्या दोन धमन्या, भिंती थोड्या सुजलेल्या पण आतून मोकळ्या. एकसष्ट गाळण्या, आठ मेलेल्या. शेकडा तेरा. हा तेरा मला फार आवडला. तेवढाच सांगावा असं वाटलं, खोटं का सांगू. पण पहिला तुकडाही त्याच किडनीचा होता. दोन्ही मिळून ऐंशी, मेलेल्या तेरा.

मॅडमनी त्यांचा कागद उलटा केला. ऐंशीत चौदा.

"चौदावी कुठली?" मी विचारलं.

त्यांनी काच सरकवून दाखवली. अर्धी घट्ट झालेली, कडेला एक फट.

"ही जिवंत आहे, मॅडम. फट बघा."

"फट म्हणजे कापताना पडलेली चीर आहे. कडा सरळ बघ ना."

मी पाहिलं. कडा सरळ होती. बाकावरचा चेहरा दिसला नसता तर ती मला आधीच दिसली असती. चौदा लिहिलं. शेकडा साडेसतरा. रिपोर्टमध्ये दोन्ही तुकड्यांचे आकडे वेगळेही दिले, एकत्रही दिले, पहिला तुकडा वरवरचा आहे हेही लिहिलं.

पुढचं मला वॉर्डच्या सिस्टरनं सांगितलं. किडनीच्या डॉक्टरांनी सुनंदाताईला काही लपवलं नाही. दात्याचं वय जास्त आहे, तरुण किडनीइतकी वर्षं ही देणार नाही, किती देईल याची हमी नाही. सुरुवातीला काही दिवस ती झोपलेली राहील, तोवर डायलिसिस करावंच लागेल. नको म्हटलंत तर यादीतलं नाव जाणार नाही, पण पुढची कधी येईल सांगता येत नाही. तुम्हीच ठरवा.

"त्रेसष्ट वर्षांची?" लीलाताई म्हणाल्या. "म्हंजे हिच्यापेक्षा मोठी. हिला मान द्यावा लागंल किडनीला."

"माझं तरी काय नवीन हाय?" सुनंदाताई म्हणाली. "गुडघे जुने, दात जुने. त्यांच्यात बसंल ती. कुठं सही करू?"

ऑपरेशन ठीक झालं. किडनी मात्र खरंच झोपली. माझा जेवायचा डबा त्या आठवड्यात अर्धा परत जायचा. रोज दुपारी मी कारण नसताना वॉर्डवरून जायचो आणि सिस्टरला फक्त "किती?" विचारायचो. पहिल्या दिवशी लघवी चाळीस मिली. दुसऱ्या दिवशी तीस. पाचव्या दिवशी साठ. सातव्या दिवशी पुन्हा चाळीस. पहिल्या वेळी मी चांगलीला वाईट ठरवलं होतं. आता वाईटाला चांगलं ठरवलं की काय, हा विचार डोक्यातून जाईना. पहिल्या चुकीनं तिला घरी पाठवलं होतं. ही चूक असेल तर तिचं पोट उघडून आम्ही तिला मेलेलं काहीतरी दिलं होतं.

नवव्या दिवशी त्या किडनीत सुई घालून धाग्याएवढा तुकडा काढला आणि तो माझ्याच टेबलावर आला. एकाच किडनीशी दोनदा गाठ पडावी, एकदा एका माणसाच्या शरीरातून निघालेली आणि एकदा दुसऱ्याच्या शरीरात बसलेली, असं माझ्या नोकरीत फार वेळा झालेलं नाही. चकती कापताना पहिली वाया गेली. दुसरी चांगली आली.

गाळण्या उघड्या होत्या. लोकरीचे गुंडे, मोकळ्या जागांसकट. पण त्यांच्या पुढच्या नळ्यांचं आतलं अस्तर झडून गेलं होतं, जागोजाग. शरीरानं किडनी नाकारल्याची खूण कुठे नव्हती.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "बर्फात शिणलीय," त्या म्हणाल्या. "अस्तर परत येतं. झोपलीय रे, मेलेली नाही."

बाराव्या दिवशी दोनशे मिली. चौदाव्या दिवशी सहाशे. सतराव्या दिवशी सिस्टरनं मी विचारायच्या आधीच बोटं दाखवली, दीड लिटर. डायलिसिस थांबलं. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन एक पूर्णांक सात. तरुण दात्याच्या किडनीवर ते याहून खाली येतं. हिचं एक पूर्णांक सातवरच राहिलं, आणि ते राहिलं हेच आम्हाला पुरेसं होतं.

वर्षभरानं दोघी तपासणीला आल्या आणि विचारत विचारत आमच्या खोलीपर्यंत पोचल्या. लीलाताईंच्या डोक्यावर नव्या तांदळाची पिशवी, सुनंदाताईच्या हातात कागदात बांधलेली सुकट. खोलीत खायच्या वस्तू आणता येत नाहीत, म्हणून मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. तोच बाक.

"सिस्टर म्हनाल्या, तुमी मोजली व्हती माजी," सुनंदाताई म्हणाली. "म्हटलं, मोजनाऱ्याला भेटून जाऊ."

पिशवी माझ्या पायाशी होती. ती तशी घेऊन घरी जाणं मला जमण्यासारखं नव्हतं.

"ताई, पहिल्या वेळचीही मीच मोजली होती," मी म्हणालो. "जी परत गेली ती. तुकडा वरवरचा होता. मला शंका आली होती. मी दुसरा मागवला नाही."

लीलाताईंचा चेहरा बदलला. "म्हंजे ती चांगली व्हती?"

"बहुतेक चालली असती. नक्की सांगता येत नाही. पण नाकारण्याइतकी वाईट नव्हती."

गप्प राहणं मला अवघड गेलं की मी आकडे बोलतो, ही माझी खोड आहे. "सव्वादोन वर्षं," मी म्हणालो. "आठवड्याला दोनदा माणगावला डायलिसिस. दोनशे चौतीस वेळा तुम्हाला सुया..."

"दोनशे एकोणतीस," सुनंदाताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"चार वेळा पुरानं रस्ता बंद व्हता. एकदा भाचीचं लगीन व्हतं, मी गेलेच न्हाय सुया घ्यायला. लग्नात दोन पेले सरबत प्याले आनि दुसऱ्या दिवशी छातीत पानी झालं." ती फुगवट्यांवरून हात फिरवत होती. ते आता बसले होते, पण गेले नव्हते. "भिंतीवर रेघा मारल्यात मी. हायेत अजून."

"वहिनी, चल," लीलाताई उठल्या. "तांदूळ घे तो."

"बसा, ताई." सुनंदाताई माझ्याकडे वळली. "आता शंका आली तर मागवता दुसरा?"

"दर वेळी."

"वरडले तरी?"

"ओरडले तरी."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नव्हती. मग तिनं विचारलं, "पानी मिळंल का हितं?"

कोपऱ्यात थंड पाण्याचं यंत्र आहे. मी ग्लास भरून आणला. लीलाताईंनी सवयीनं पिशवीत हात घातला, बहुधा वाटीसाठी, आणि तसाच बाहेर काढला. सुनंदाताईनं ग्लास दोन्ही हातांत धरला आणि एका दमात संपवला.

"अजून एक," ती म्हणाली.